सायराची पाठ

पुण्याच्या डॉक्टरने सायराच्या मणक्यांवरून बोट फिरवलं, तेव्हा ते सरळ खाली न येता मध्येच उजवीकडे वळलं. सत्तार कागदी, जुन्नरला हाताने कागद बनवणारा, श्वास रोखून बघत होता. बिनआईची एकुलती पोर त्याची.

डॉक्टर म्हणाला, पाठ सरळ व्हायची नाही, पण आणखी वाकू नये एवढं करता येईल. अंगाला प्लास्टरचं कवच घालून काही महिने दवाखान्यात ठेवायचं, मग चामड्याचा पट्टा. सत्तारच्या डोक्यात 'सरळ व्हायची नाही' एवढंच शिरलं. मग पोरीला परक्यांत कशाला ठेवायची, म्हणून तो तिला घेऊन परतला.

महाळुंग्याच्या हाडवैद्याने तेल चोळून पाहिलं. गुण आला नाही. मग सत्तारने आपलंच डोकं चालवलं. ओला कागद फळीखाली दाबला की सपाट होतो, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पोर अजून कोवळी आहे, होईल सरळ, असं त्याने थोरल्या बहिणीला सांगितलं.

"सत्तार, ल्येकरू म्हंजे लगदा न्हाई," जन्नतबी म्हणाली. पण तो कुठला ऐकतोय!

रोज दुपारी सायरा पालथी निजायची. पाठीवर फळी, फळीवर दगड. बापच करतोय म्हटल्यावर ती रडतही नसे. थंडीत एकदा तिचे ओठ निळे दिसले. सत्तार दगड उचलायला धावला, तर ती धापा टाकत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अब्बा. आनखी एक ठेवा. मला सोसंल."

सत्तारने फळीसकट दगड बाजूला सारले. उजाडताच त्याने पुण्याची वाट धरली.

डॉक्टरने बराच वेळ छाती तपासली. बाक फार वाढलाय, कवचात तिला श्वास पुरणार नाही, म्हणाला.

"दगडानं वाढला का, सायेब?"

दगडाने की वेळ गेल्याने, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. दगडाने म्हणाला असता तर सत्तारला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याने गादीची शिवण उसवली. मधला कापूस काढून खळगा केला, हाताने चाचपला, पुन्हा थोडा काढला. मग सायराला अलगद उताणी निजवली.

"टोचतंय का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला लवकर झोप लागली. सत्तार उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिला.