मेंदूला नारळ

गाडी बंद पडली की आमच्या पेण-रोह्याकडे मेकॅनिकला सगळ्यांत शेवटी विचारतात. समीक्षाची गाडी रोह्याच्या अष्टमी पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये अडकली, तेव्हा पुलावरच चार निदानं झाली होती. एकाने गिअरचं तेल संपलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पेट्रोलला दोष दिला, तिसऱ्याने नजर लागल्याचं ठरवलं, आणि चौथ्याने, स्वतःकडे साधी सायकल नसताना, "ऑटोमॅटिक घ्यायचीच नाय" असा कायमचा निकाल दिला. एवढं सगळं उरकल्यावर गाडी टो होऊन माझ्याकडे आली.

मी फुरकान. पेणला खोपोली रस्त्यावर माझं गॅरेज आहे. माझ्याआधी ते माझ्या वडिलांचं, सुलेमानमिस्त्रींचं होतं. वडील कान लावून इंजिन ऐकायचे आणि कमी बोलायचे. मी लॅपटॉप लावतो आणि गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगतो. समजावून सांगण्याचा मला भारी सोस. पुढची सगळी भानगड त्या सोसातून झाली, हे आधीच कबूल करून टाकतो.

समीक्षाने ऑटोमॅटिक हौसेने घेतली नव्हती. तिच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. क्लच दाबता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. सासर पेणच्या आतल्या एका गावात आणि नोकरी रोह्याला, एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायची. सकाळी साडेसातला हजर व्हावं लागतं. नवरा हर्षद डोलवीला कंपनीत, त्याच्या शिफ्टची आणि हिच्या वेळेची गाठ कधी पडली नाही. ही गाडी आली आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाची वाट न बघता घराबाहेर पडू लागली. गाडी गेली तर नोकरी जाणार, एवढा साधा हिशेब होता.

गाडीवर सगळ्यांत जास्त जीव मात्र तिच्या सासऱ्यांचा, बाबाजीकाकांचा. गुढीपाडव्याला गाडी आणली तेव्हा ते ती मला दाखवायला घेऊन आले. मी बॉनेट उघडलं आणि सुरू झालो. "काका, हिला क्लच नाय. मग गिअर कोण बदलतो? ही काळी डबी. ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. इंजिन, चाकं, सगळ्यांचं ऐकते आणि कुठला गिअर टाकायचा ते ठरवते. हाच गाडीचा मेंदू." काकांनी त्या डबीला हात जोडले. ते गंमत करतायत असं मला वाटलं.

दिवाळीनंतर तीच डबी मी उतरवली, तेव्हा पिनांवर हिरवा गंज होता. वर चिकट थर, थरात मेलेल्या मुंग्या, खाचेत कुंकू आणि नारळाच्या शेंडीचे दोन केस. मी काही पोलीस नाही, पण एवढा तपास मलाही जमतो. दसऱ्याला सगळं जग गाडीच्या चाकाशी नारळ फोडतं. आमच्या काकांनी चाकाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी थेट मेंदूला नारळ वाढवून पाणी वर ओतलं होतं.

समीक्षाला मी डबी दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "मी तिथंच उभी होते. तुम्ही सांगा ना बाबांना, फुरकानभाई. मी सून. पूजेला नावं ठेवली असं व्हईल."

"तू सून, आणि मी कोण ते बघ. पूजेत खोट काढणारं काही माझ्या तोंडून गेलं, आणि कुणी मोबाईलवर पुढं ढकललं, तर उद्या गॅरेजसमोर गाड्यांपेक्षा माणसं जास्त व्हतील. तूच सांग."

"तुम्ही सांगा."

"तू सांग."

शेवटी आम्ही दोघांनी मिळून दोष धरमतरच्या खाडीवर ढकलला. खारं वारं लागून पिना गंजल्या, असं ठरलं. खाडी काही भांडायला येत नाही.

"व्हय रे," बाबाजीकाका म्हणाले, "खाडीचं वारं लय वाईट. आमच्या पत्र्यांची चाळण केलीन." इतक्या लवकर पटलेलं पाहून मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

नवी डबी यायला नऊ दिवस गेले. समीक्षाची उरलीसुरली रजा त्यात संपली. डबी बसवणं अवघड नसतं. बॅटरीची वायर सोडायची, थोडं थांबायचं, जुनी काढून नवी लावायची. पण नवी डबी कोरी येते. तिला ही गाडी कुठली, हिचे गिअर कुठे लागतात, हे लॅपटॉप जोडून शिकवावं लागतं, नाहीतर ती नुसती बसून राहते. काका शेजारी उभे राहून बघत होते, आणि मला गप्प राहवलं नाही. "नवा मेंदू हाय, काका. अजून बाळ हाय. आता त्याला सगळं शिकवतोय." काकांच्या चेहऱ्यावर जी माया आली, ती पाहून तरी मी सावध व्हायला हवं होतं.

गाडी न्यायला ते ताट घेऊनच आले. ताटात हळद, कुंकू, फुलं आणि चांगला मोठा नारळ. ते बॉनेटकडे निघाले तसा मी आडवा आलो.

"काका, आत नको. चाकाशी फोडा."

"का रं?"

आता खरं सांगायची वेळ होती. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं, काका खुशीत होते, याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "इथं खाली तेल सांडलंय. तुमचा पाय घसरंल."

त्यांनी मुकाट्याने चाकाशी नारळ फोडला, मला खोबरं दिलं आणि गाडी घेऊन गेले. मी सुटलो म्हणून चहा मागवला. माझ्या हे लक्षातच आलं नाही की मी अडचण माझ्या फरशीची सांगितली होती, डबीची नाही. काकांच्या अंगणात कुठे तेल सांडलेलं असतं? घरी गेल्यावर त्यांनी बाळाचं सगळं यथासांग केलं.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गाडी नागोठण्याच्या पुढे अडकली. समीक्षाचा फोन आला. आवाज रडवेला होता, पण ती रडत नव्हती. "फुरकानभाई, सोमवारी साडेसातला आले नाय तर नारळ देणार, असं लॅबवाले म्हणालेत."

नारळ हा शब्द ऐकला आणि मी टोवाल्याला फोन लावला.

दुपारी गाडी टो होऊन आली. मागून समीक्षा आणि काका. गॅरेजात तीन-चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर काका कडाडले. "तुझा माल डुप्लिकेट हाय, फुरकान. पोरीची नोकरी जायला आली. सुलेमानमिस्त्री असता तर असला माल बसवला नसता."

बाकी काहीही म्हणाले असते तरी मी गिळलं असतं. वडिलांचं नाव आलं आणि मला राग आला, खराखुरा राग. मी डबी सोडवली, काकांचा हात धरला आणि डबी त्यांच्या तळहातावर उलटी केली. तीन-चार थेंब पडले.

"वास घ्या."

त्यांनी घेतला. "नारळाचं पाणी," ते हळूच म्हणाले.

"व्हय. पयल्या डबीत पण हेच व्हतं. खारं वारं नव्हतं, काका. मी खोटं बोललो."

एका गिऱ्हाइकाचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेलेला मी पाहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते सुनेकडे वळले.

"तुला ठावं व्हतं गो?"

"व्हय, बाबा," समीक्षा खाली बघून म्हणाली.

काका तिथल्याच एका जुन्या टायरवर बसले. हात पुसायचाही त्यांना विसर पडला होता.

"माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरला मी हार घातला व्हता," ते म्हणाले. "तुझ्या बापानं भर बाजारात मला सुनावलंन. बाबाजी, अक्कल गहाण टाकलीस काय, पेट घेईल. मी हार काढला आन् त्याला च्या पाजला. आन् तुम्ही दोघं माझ्याच घरचे असून मला खाडीचं वारं सांगता." मग जरा थांबून म्हणाले, "मी येवढा वाईट कवा झालो रे?"

समीक्षा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गिऱ्हाइकाचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. काका वाईट झालेच नव्हते, आम्हीच त्यांना न विचारता तसं धरून चाललो होतो. याची मला लाज वाटली आणि अजून वाटते.

नशिबाने पाणी चारच दिवसांचं होतं. पिना ओल्या होत्या, गंजाने खाल्ल्या गेल्या नव्हत्या. रविवारभर मी डबी पिना साफ करायच्या फवाऱ्याने धुतली, वाळवली, पुन्हा गाडीची ओळख करून दिली. काका दिवसभर टॉर्च धरून उभे होते. मी या वेळी काही समजावून सांगितलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. संध्याकाळी समीक्षाने गाडी पेणच्या बायपासला फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर आपापल्या वेळी पडले.

सोमवारी काका तिच्याबरोबर रोह्याला गेले. नको म्हटलं तरी लॅबमध्ये शिरले आणि मालकाला म्हणाले, "गाडीत नारळ मी फोडला. हिची चूक नाय. नारळ द्यायचा असंल तर मला द्या." मालकाला हसावं की काय करावं ते कळेना. समीक्षा तोवर आत जाऊन कामाला लागली होती.

आता ही गोष्ट काका स्वतःच सगळीकडे सांगतात. लग्नात, एसटी स्टँडवर, डोलवीच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर. मेंदू, बाळ, कुंकू, मुंग्या, काही गाळत नाहीत. उलट मुंग्या दर वेळी थोड्या वाढतात. लोक पोट धरून हसतात आणि काकाही हसतात. फक्त माझा भाग आला की ते घाई करतात. "फुरकान पयल्याच दिवशी सांगत व्हता," म्हणतात, "मीच ऐकलं नाय."

मी समोर बसलेलो असलो तरी असंच सांगतात. आणि मी अजूनही मध्ये बोलत नाही.