शेंद्र्याची बस

विशाखानं बटण दाबलं आणि बसतळावरचा भोंगा खणखणीत बोलला, "शेंद्राला जाणारी बस सुटत आहे."

कामावर निघालेली माणसं पोट धरून हसली.

"शेंद्राला? कोण्या देशाची हाय ही बाई?" बसतळाचे मालक कडुबा म्हणाले.

विशाखाचं तोंड एवढंसं झालं. पडेगावात वाढलेली पोर, जन्मभर 'शेंद्र्याला' म्हणत आली, आणि तिच्याच प्रोग्रॅमनं भर चौकात अशी शोभा करावी! आजची चाचणी पार पडली तरच कंपनीत तिची नोकरी पक्की होणार होती.

आधी प्रत्येक गावाच्या घोषणेसाठी वेगळी मेथड, म्हणजे प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा होता. नवं गाव आलं की जुनीची नक्कल करा, नाव बदला. तो सगळा पसारा काढून तिनं एकच मेथड लिहिली होती. गावाचं नाव बाहेरून द्यायचं, पॅरामीटर म्हणून. मेथड त्याला 'ला' चिकटवणार. करमाडला, पडेगावला झकास जमलं. शेंद्र्यानं घात केला.

"शेंद्र्यापुरती वेगळी मेथड टाक आणि मोकळी हो," तिचे साहेब चिन्मय कुजबुजले.

"उद्या चिकलठाणा आलं की, सर? पुन्हा तोच पसारा. जरा थांबा."

ती तिथंच कठड्यावर मांडी घालून बसली. मेथड तिनं मोडली नाही. तिला आणखी एक पॅरामीटर दिला: 'ला' लागण्याआधी गावाचं रूप काय होतं ते. शेंद्रा, शेंद्र्या.

"शेंद्र्याला जाणारी बस सुटत आहे."

शिट्ट्या पडल्या. कडुबा पुढं सरसावले.

"जालन्याची गाडी नवीन सुरू करायचीय. मला येईल का टाकता?"

विशाखानं लॅपटॉप त्यांच्याकडं सरकवला. कडुबांनी एका बोटानं टाईप केलं: जालना. जालन्या.

"जालन्याला जाणारी बस सुटत आहे."

"आयला! आपुन टाकलं आन् बोललं की!" कडुबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी आता या पोरीला बोलवायचं कामच नाय!"

विशाखानं लॅपटॉप परत जवळ ओढला. खरंच की! आपल्याच हातानं आपलं काम संपवलं. तिनं हळूच साहेबांकडं पाहिलं.

चिन्मय खुशीत होते.

"हिला नाहीच बोलवायचं, कडुबा. उद्यापासून ही दवाखान्याच्या घोषणा बघणार. तिथं गावं नाहीत, पेशंटची नावं आहेत. काय विशाखा, किती मेथड लागतील?"

"एकच!" विशाखा इतक्या मोठ्यानं ओरडली, की बसमध्ये चढणारी माणसं वळून बघायला लागली.