सात चालत नाहीत

रब्बींनी उस्तादांनी घडवलेल्या पितळी शमादानाभोवती एक फेरी मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने फांद्या मोजल्या.

"उस्ताद, सात चालत नाहीत."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या पवित्र मंदिरातल्या शमादानाला सात फांद्या होत्या. ते मंदिर पडून युगं लोटली, पण तिथल्या वस्तूंची नक्कल करायची नाही, हा नियम काही पडला नाही. पाच चालतात, सहा चालतात, आठही चालतात. हेच उस्ताद जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते, सात मागणाऱ्यांना दुकानातून वाटेला लावत आले होते. आणि हातातलं शेवटचं काम, तेही स्वतःच्या घरातर्फे प्रार्थनागृहाला द्यायचं, तर या उस्ताद पठ्ठ्याने फांद्या मोजल्याच नाहीत. घरातली माणसं मोजली, माणशी एक फांदी. नवरा-बायको आणि पाच मुलं.

"आकार तरी वेगळा आहे," उस्ताद पुटपुटले.

"दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं?" रब्बी हसले. "एक काढा, नाहीतर एक जोडा. मग आनंदाने ठेवून घेऊ."

म्हणे एक काढा! मुळा आहे का उपटायला? शमादान गोणपाटात गुंडाळून उस्ताद घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. खांदा ठणकत होता. भट्टी आता बंद करा, असं डॉक्टर कधीचे सांगत होते, आणि खरं तर उस्तादांनाही आता नकोच झाली होती. हे एक काम तेवढं मार्गी लागायला हवं होतं.

थोरल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "धाकटीची काढा ना, बाबा. ती इकडे फिरकते तरी का?"

उस्तादांनी फोन ठेवला आणि करवत घेतली.

"माझीच कापतो," ते बायकोला म्हणाले. "नाहीतरी थकलोय मी."

ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "कापायचं नाही. जोडा."

"अगं, कुणाची जोडू? जावयाची?"

"आपण आठ होतो."

उस्तादांच्या हातातली करवत तशीच राहिली. थोरल्याच्या पाठची मुलगी. महिनासुद्धा भरला नाही, आणि महिना न भरलेल्या बाळासाठी शोकाला बसायचं नसतं, असा नियम. त्यांनी तो पाळला. दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. त्यानंतर बायको कधी काही बोलली नाही, आणि त्यांना वाटलं, विसरली.

"तेव्हा नियम होता म्हणून गप्प बसले," ती म्हणाली. "हाही नियमच आहे ना? मग जोडा."

उस्तादांना स्वतःची फार लाज वाटली. मग त्यांनी हळूच विचारलं, "केवढी होती गं ती?"

तिने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरले.

"एवढी."

उस्तादांनी खिशातून सुतळी काढली, तिच्या दोन हातांमधलं अंतर मोजून गाठ मारली आणि भट्टी पेटवायला गेले.