चहाकडचं दार

माझा दादा सरकारवर टीका करायला लागला की ऐकत राहावं. आहे सरकारी पक्षातलाच, पण म्हणून कुणाला सोडत नाही. सचिव असो की खुद्द मंत्री, भर सभागृहात असे वाभाडे काढतो की विरोधी पक्षाला वेगळं बोलायला काही उरत नाही. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा केस काळेभोर होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात, आवाज मात्र तसाच खणखणीत. त्याचं भाषण छापून आलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. शेजारपाजारी मुद्दाम पेपर मागायला जायचे मी, घरी आलेला असला तरी.

मग एका पत्रकार बाईने एक साधं काम केलं. अर्ध्या पानावर एका बाजूला दादाची भाषणं छापली आणि दुसऱ्या बाजूला त्याच विषयांवर त्याने दिलेली मतं. दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत असलेल्याच, फक्त शेजारी शेजारी कुणी ठेवल्या नव्हत्या. पाणीपट्टी वाढवणं ही लूट आहे, असं दादा गरजला होता, आणि मत दिलं होतं वाढीच्या बाजूने. लहान शाळा बंद करणं हे पाप होतं, पण मत बंद करण्याच्या बाजूने. सगळं पान असंच. इतक्या वर्षांत एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, त्याचं पाऊल सरकारच्या विरोधात पडलेलं नव्हतं.

मी ते पान वाचलं ते डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर. आत ह्यांना मशीन लावलेलं होतं. आम्ही राहतो नदीच्या पलीकडे आणि केंद्र अलीकडे. मधे सरकारी बोट. बोटीत बसलं की चहा निवेपर्यंत पोचतो. रस्त्याने यायचं तर पूल पार वरच्या अंगाला, जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, आणि मशीनवरून उठलेला माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा असतो. एकदा बोट नादुरुस्त होती म्हणून गाडीने नेलं होतं ह्यांना. परत येताना दोनदा शुद्ध गेली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा रस्ता ह्यांना झेपणार नाही आणि पाळी चुकवलेली तर मुळीच चालणार नाही.

आणि आता सरकारने विधेयक आणलं होतं की तोट्यातल्या सगळ्या सरकारी बोटी बंद करायच्या. सरकारचं बहुमत होतं, पण अगदी काठावरचं. म्हणजे ह्यांचा जीव बोटीवर आणि बोट दादाच्या मतावर. मी पेपरची घडी केली, पिशवीत कोंबली आणि ह्यांना घरी पोचवून दुसऱ्या दिवशी तडक दादाकडे गेले.

दादा आरामखुर्चीत बसून गुडघ्याला शेक घेत होता. वहिनी समोर बसून त्याच्या कोटाचं बटण लावत होती.

"ये छकुले," दादा म्हणाला. माझी साठी उलटली तरी मी त्याची छकुलीच. "बोटीवरचं माझं भाषण वाचलंस? अजून बाकी आहे म्हणा. परवा मतदानाच्या आधी शेवटचं करायचंय. असा धुतो की नाही बघ."

"भाषणात बसून नदी ओलांडता येत नाही, दादा."

त्याने शेकाची पिशवी बाजूला ठेवली. "ते पान वाचलंस वाटतं."

"वाचलं. पाठ झालंय."

"अगं, त्या बाईला काय कळतंय? भाषण माझं असतं, मत पक्षाचं असतं. आत राहून बोललं तर चार लोक ऐकतात. बाहेर पडलो तर कुत्रं विचारत नाही."

"आत राहून बोललास ना इतकी वर्षं? मग काय काय ऐकलं त्यांनी? एक सांग."

दादा छताकडे बघायला लागला. वहिनीने दोरा दाताने तोडला. "मीही विचारून दमले, वन्सं," ती म्हणाली. "पूर्वी रोज विचारायचे. आता फक्त बटणं लावते."

"तुम्हाला दोघींना सभागृह म्हणजे काय ते माहीत नाही," दादा चिडून म्हणाला, आणि मग चिडलेला असतानाच त्याला समजावून सांगायची हुक्की आली, कारण समजावून सांगणं हा त्याचा जन्माचा धंदा. म्हणाला, मतदानाची घंटा झाली की सभासद उठतात. दोन दारं असतात. विधेयक हवं असेल तर उजवीकडच्या होयच्या दाराने जायचं, नको असेल तर डावीकडच्या नाहीच्या. प्रत्येक दारामागे लांब बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला कारकून डोकी मोजतो. घंटा थांबली की दारं बंद. "होयच्या बोळातून बाहेर पडलं की समोर चहाची खोली. मला बिनसाखरेचा लागतो हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि नाहीच्या बोळातून?"

"कुणास ठाऊक. मी गेलोच नाही कधी."

आपण काय बोललो ते त्याच्या त्यालाच ऐकू गेलं असावं. त्याने शेकाची पिशवी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"मागच्या बाकावरचे ते तिघं म्हातारे आहेत ना," वहिनी म्हणाली, "ते तर विधेयक कुठलं हेही विचारत नाहीत. घंटा झाली की ह्यांच्या पाठीमागे चालायला लागतात."

"विश्वास आहे त्यांचा माझ्यावर."

"विश्वास कसला? गुडघे आहेत. तुमच्याइतकं हळू चालणारे ते तिघंच उरलेत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही आवरायच्या नादात आवाज चढला. "मला परवाचा पास दे," मी म्हटलं. "तुझं भाषण नाही ऐकायचं मला. तू कुठल्या दाराने जातोस ते बघायचंय. पुढे ह्यांचं काही बरंवाईट झालं तर निदान मला माहीत तरी असेल की कुणाच्या पायांनी झालं."

फार लागेल असं बोलले, मला कळत होतं. पण मागे घेतलं नाही. दादा म्हणाला, "बघू." हा त्याचा शब्द मला लहानपणापासून डोक्यात जातो. पास मात्र संध्याकाळी घरी आला.

प्रेक्षकांच्या गॅलरीतल्या खुर्च्या अशा होत्या की त्यात बसून कुणी फार वेळ लोकशाही बघू नये. खाली सभागृह गच्च भरलेलं. दादा उठला तेव्हा कुजबुज थांबली. आणि काय बोलला म्हणून सांगू! कुणाचं नाव न घेता तो बोटीने कामाला जाणाऱ्या बायकांबद्दल बोलला, भाजीच्या टोपल्यांबद्दल बोलला, मशीन लावायला येणाऱ्या माणसांबद्दल बोलला. "मंत्र्यांनी एकदा तरी त्या बोटीत पाय ठेवलाय का?" असं विचारलं तेव्हा त्याच्याच पक्षाच्या लोकांनी बाकं वाजवली. मंत्री तर हसत होते. शेजारच्याच्या कानात काहीतरी म्हणाले आणि दोघंही कौतुकाने मान हलवायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या लोकांना दादाची टीका आवडत होती. ती त्यांच्या उपयोगाची होती. लोकांचा राग दादा बोलून मोकळा करायचा, आणि मग दादाचं मत मंत्र्यांच्या खिशात. इतक्या वर्षांत तो कुणाला टोचलाच नव्हता.

घंटा सुरू झाली. सगळे उठले. प्रतोद, म्हणजे पक्षाच्या लोकांनी कसं मत द्यायचं ते बघणारा माणूस, दादाजवळ आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि भाषणाबद्दल काहीतरी बोलत त्याला घेऊन चालू लागला. दादा हसला. मान डोलावली. आणि बोलता बोलता होयच्या दारातून आत गेला. मागोमाग ते तिघं म्हातारे, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत.

मी उठले. पर्स खांद्याला लावली. मला रागसुद्धा आला नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. ह्यांना काय सांगायचं, एवढाच विचार होता. बोटीच्या धक्क्याजवळ कुणाचं घर भाड्याने मिळेल का, अलीकडे, लहानसं, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात खाली गलका झाला. होयच्या दारात लोक अडले होते, कारण आतून कुणीतरी उलटं येत होतं. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, चुकलो," असं ऐकू आलं. तो आवाज गॅलरीत बसलेल्यांनासुद्धा ओळखू येतो. दादाचा कोट एका खांद्यावरून घसरला होता. प्रतोदाने त्याची बाही धरली, दादाने ती शांतपणे सोडवून घेतली आणि बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, गुडघा ओढत, डावीकडे चालू लागला. घंटा वाजतच होती. मी कठडा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, चल रे, जरा भरभर चल, एकदा तरी.

नाहीच्या दाराशी पोचून त्याने दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. आयुष्यात कधी त्या दाराला हात लावला नव्हता, त्याला काय माहीत ते ओढायचं असतं. शेवटी आतून विरोधी पक्षाच्या एका बाईंनी दार उघडलं आणि दादाकडे असं बघितलं, जणू भिंतीतून माणूस निघालाय.

"इकडून या," त्या म्हणाल्या.

तो आत गेला. दार लोटलं जाणार तोच ते तिघं म्हातारे तिथे पोचले. दादा होयच्या बोळातून वळला तेव्हा तेही वळले होते. तो मधल्या जागेतून आला तेव्हा तेही आले होते, तब्येतीच्या गप्पा तशाच चालू. त्याच्या पाठीमागून ते नाहीच्या बोळात शिरले, घंटा थांबली आणि दारं बंद झाली.

विधेयक दोन मतांनी पडलं.

नंतर दादा मला मागच्या जिन्याजवळ सापडला. नाहीच्या बोळातून बाहेर पडलं की समोर जुन्या खुर्च्यांचं कोठार लागतं. त्यातल्याच एका मोडक्या खुर्चीवर तो बसला होता.

"रात्रीच ठरवलं होतं गं," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला सांगितलंसुद्धा. पण पाय त्यांच्या सवयीने गेले. चहाचा वास आला तेव्हा लक्षात आलं, आपण कुठे आलोय ते." त्याने डोळे पुसले. "तुला वाटलं असेल, गेला हा."

"वाटलं," मी म्हटलं. "पर्स घेऊन निघालेच होते मी."

मी त्याचा कोट सारखा केला. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं, पण ते तिघं समोरच उभे होते. त्यातला एक संतापला होता, आधी सांगायचं तरी, म्हणत होता. दुसरा एका पत्रकाराला सांगत होता की आपण अंतरात्म्याचा आवाज ऐकला. तिसरा इकडेतिकडे बघत विचारत होता, चहा कुठे आहे?

पक्षाने आठवड्याच्या आत दादाला निलंबित केलं. समितीचं अध्यक्षपद गेलं, गाडी गेली, पुढच्या वेळचं तिकीट तर गेलंच. सरकार तेच विधेयक पुन्हा आणणार अशी बातमी आहे. आणेलही. पण आता सरकारी पक्षाचे लोक बाकं वाजवत नाहीत. दादा बोलायला उठला की मंत्री कागद काढून लिहून घेतात, आणि परवा तर उत्तर द्यायला चक्क तयारी करून आले होते.

गाडी गेल्यामुळे दादा आमच्याकडे बोटीने यायला लागला. काल ह्यांच्या डायलिसिसचा दिवस होता, तर मुक्कामाला राहून आमच्याबरोबर अलीकडे यायला निघाला. धक्क्यावर उभा राहून त्याचं सुरू झालं. कठडा गंजलाय, फळी हलतेय, झोपा काढतं का हे खातं? तिकीटवाला म्हणाला, "साहेब, ते सभागृहात बोला. आता ऐकतात म्हणे तुमचं."

ह्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. बसायच्या केबिनचं दार बंद होतं. दादा पुढे झाला आणि त्याने दार ढकललं. उघडेना. त्याने पुन्हा ढकललं.

"ओढा, दादा," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या आवाजात थट्टा होती. "एव्हाना सवय व्हायला हवी होती."

दादाने दार ओढलं, नीट धरून ठेवलं, आणि आधी ह्यांना आत जाऊ दिलं.