उशिराची जमात

“नवनाथभाऊ, घाला की गाडी रानातनं!” बाबूलाल माझ्या कानाशी ओरडला.

“जीप हाय ही, म्हैस न्हाई रानात घालायला,” मी खेकसलो.

खेकसू नको तर काय करू? भीमेच्या पुलावर उसाच्या ट्रेलरचा आख मोडला होता आणि निम्मा ऊस रस्त्यावर सांडला होता. त्याच्यामागं बैलगाड्या, एसटी, टेम्पो, आमच्यासारख्या वडापच्या जीपा, सगळं एकमेकांत अडकून बसलेलं. ऐन गळिताच्या हंगामात ईद आलेली आणि रांजणगावच्या एमआयडीसीतला जो तो एकाच सकाळी निघालेला. माझ्या जीपमध्ये बिहारकडचे कामगार कोंबून बसले होते. त्यांना दौंडला रेल्वे गाठायची होती. एकानं नव्या कुर्त्याची घडी मांडीवर जपून धरली होती. त्याची ईद गाडीतच जाणार होती.

बाबूलाल तांबोळी राहू गावचा. शिरूरहून गावी माझ्याच जीपनं जायचा-यायचा. कंपनीत रंगाच्या खात्यात होता. नखं कायम निळी. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“काल का न्हाई निघालास?” मी विचारलं.

“क्यालेंडरात ईद उद्या छापलीय. म्हणलं रोजे तीस व्हत्याल. दोस्ताची रातपाळी बी घेतली अंगावर. आन् चंद्र कालच दिसला.”

“चंद्राला काय क्यालेंडर वाचता येतं व्हय रं?”

बोलून गेलो आणि त्याचं तोंड बघून जीभ चावली. बिचारा रात्रभर मशीनवर उभा होता. डोळे लालभडक झालेले.

“अब्बा बसून असत्याल,” तो म्हणाला. “मी सायकलीवर नेल्याबिगर ते ईदगाहला जात न्हाईत. नमाज नवाला हाय.”

त्याच्या वडलांना, हसनमामांना, मी ओळखत होतो. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते, आणि आता किडन्याही.

“दौंडचा डाक्टर म्हणला, पुढची ईद धरू नका. एवढी एक तरी गाठून द्या, भाऊ.”

आता काय गाठून देऊ, कपाळ माझं! पुढं बैल, मागं एसटी.

नदीपलीकडच्या गावातून भोंग्यावर आवाज आला. नमाज सुरू झाली होती. जीपमधले एकेक करून उतरले, रस्त्याच्या कडेला उसाच्या पाचटावर गमछे अंथरले आणि तिथंच ओळ धरून आपली जमात उभी केली. कुर्तेवाल्यानं बाबूलालला हात केला. तो गेला नाही.

“अब्बाला सोडून कशी पढू?” म्हणाला आणि पुलाच्या कठड्याला धरून रडला. एवढा बाप्या माणूस, पण रडला. मला फार वाईट वाटलं.

ट्रेलर बाजूला निघाला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दौंडची माणसं मी फाट्यावर दुसऱ्या जीपमध्ये बसवली आणि राहूची वाट धरली. गावात शिरताना नमाजेहून परतलेली माणसं दारादारांत दिसत होती. बाबूलालनं मान खाली घातली.

हसनमामा ओट्यावर बसले होते. नवा सदरा, डोक्याला टोपी, कानात अत्तराचा फाया. शेजारी कुणीतरी शिरखुर्म्याची वाटी ठेवून गेलेलं, वर बशी झाकलेली. वाटीला हात लावलेला नव्हता.

“आया क्या रे, बाबू?” ते म्हणाले. “हो गई क्या नमाज?”

बाबूलालनं माझ्याकडं बघितलं.

“नहीं अब्बा. इस साल देर से है.”

मामांनी हात पुढं केला, “चल फिर.”

सायकलीच्या कॅरियरवर त्यांना बसवलं. मी मागून धरलं. गावाबाहेर चुन्यानं रंगवलेली ईदगाहची भिंत, पुढं मोकळं मैदान आणि धुळीत बसलेली दोन कुत्री. त्यांना मी हाकललं. बाबूलालनं चटई टाकली, इमामासारखा आवाज जाड केला आणि ‘अल्लाहू अकबर’ म्हणत तकबीर दिली. बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. आणि मी? मी येड्यासारखा चपला फरफटत मागं फिरत होतो, खोकत होतो, खाकरत होतो. गर्दी वाटावी म्हणून. मी धनगराचा पोर, मला दुसरं काय येणार?

नमाजेनंतर गळाभेट असते. लेकाला भेटून झाल्यावर मामांनी दुसऱ्या अंगाला हात पसरले. तिथं कोणी नव्हतं. हात तसेच राहिले. मला बघवेना. पुढं जाऊन मी त्यांना मिठीत घेतलं. अंगात नुसती हाडं होती. मग मागं सरलो, खाकरलो, पुन्हा पुढं झालो आणि पुन्हा भेटलो. असा तीन-चारदा भेटलो. दर वेळी ते तितक्याच मायेनं म्हणाले, “ईद मुबारक, बाबा.”

“बहोत लोगां आए क्या रे?” त्यांनी विचारलं.

“बहोत, अब्बा.”

परतताना दुसरी वाट धरायची, अशी त्यांची रीत. कब्रस्तानाच्या कडेनं सायकल निघाली. एवढा वेळ मामा लेकाशी घरच्या हिंदीत बोलत होते. आता मान माझ्याकडं वळवून मराठीत बोलले.

“औंदा जमातीला डिझेलचा वास लई हुता रं, नवनाथ.”

बाबूलालचे पाय पॅडलवर थांबले. मी कॅरियर धरून सायकल ढकलत राहिलो.