बिनतारखेचा राजीनामा

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सकाळी सातच्या सुमारास हर्षदा डबा भरत होती आणि तिच्या सासूबाई, सरूबाई, शेजारणीच्या सुनेसाठी आणलेला हिरवा खण उलगडून पाहत होत्या. शेजारी त्या दिवशी संध्याकाळी डोहाळजेवण होतं. हर्षदाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

"तू कंपनीतनं लवकर येऊ नको बरं का," सरूबाई खणाकडे बघतच म्हणाल्या. "उगं लोकांच्या तोंडी कशाला यायचं?"

सत्यजीतने, तिच्या नवऱ्याने, हे ऐकलं आणि पेपरचं पान उलटलं. हर्षदाने डब्याचं झाकण लावलं आणि ती कुरकुंभच्या बसला निघाली.

साल दोन हजार एक. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत हर्षदा अधिकारी होती. तिच्या दारावरची 'पर्सोनेल' ही पाटी नुकतीच जाऊन तिथे 'एच.आर.' अशी पाटी आली होती. पाटी बदलली तरी काम तेच होतं. साहेबांनी ठरवायचं आणि हिने कामगारांना कळवायचं. कंपनीचे जनरल मॅनेजर इनामदारसाहेब यांनी तीन वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. पॅकिंगला येणाऱ्या प्रत्येक बाईकडून कामावर घेतानाच राजीनामा लिहून घ्यायचा, तारखेची जागा मोकळी ठेवून. बाईला दिवस गेले की तारीख भरायची. तीन महिन्यांच्या पगारी रजेचा प्रश्नच मिटला. असे एकतीस कागद हर्षदाच्या कपाटात होते. सही कुठे करायची, ते प्रत्येक बाईला तिनेच बोट ठेवून दाखवलं होतं. दोघींच्या कागदावर तिने तारीखही भरली होती, आणि आपण फक्त हुकूम पाळतो असं स्वतःला सांगितलं होतं.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती पॅकिंग विभागाकडून चालली होती. कोपऱ्यात चार-पाच बायका रुपाली कोकरेला घेरून बसल्या होत्या. रुपाली जिरेगावच्या मेंढपाळाच्या घरातली सून, बारावी शिकलेली, हाताने चपळ. एकीने पदरातून कच्ची चिंच काढून तिच्या हातावर ठेवली. हर्षदाला पाहताच हसणं थांबलं आणि चिंच मुठीत गेली.

हर्षदाला कुणी काही सांगायची गरज नव्हती. रुपालीच्या चेहऱ्यावरची ती तुकतुकी, जपून उठणं, सगळं तिच्या डोळ्यांत कुसळासारखं रुतलं. उपास, औषधं, पुण्याच्या डॉक्टरांच्या खेपा, यातलं काहीही न करता हिला मिळालं. आणि वर या बायका माझ्यापासून लपवतात, जणू माझी नजरच लागणार आहे.

दुपारी ती न बोलावता साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि रुपालीला दिवस गेल्याचं सांगून आली. साहेबांनी तिच्या बारीक लक्षाचं कौतुक केलं आणि राजीनाम्यावर येत्या पंधराची तारीख घालायला सांगितलं. जिना उतरताना तिला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय, हेही तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने रुपालीला बोलावलं. टेबलावरचा कागद पाहून रुपाली उभीच राहिली. कंपनीला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. कंपनीला कळतंच, असं उत्तर हर्षदाने दिलं.

"गेल्या साली न्हवतं कळलं," रुपाली म्हणाली. "तवाबी मला दोन महिनं झालं हुतं. मेंढरं रोगानं गेल्याली, घरात माझाच पगार. ह्यो कागुद डोळ्यापुढनं हालंना. नवऱ्याला, म्हाळूला बी न सांगता दवाखान्यात गेले आन् मोकळी होऊन आले. तिसऱ्या दिवशी कामावर हुते. तुम्हीच इचारलं हुतं, तोंड का उतरलंय म्हणून."

हर्षदाला आठवलं. तिने चालता चालता विचारलं होतं, आणि उत्तराला न थांबता पुढे गेली होती.

"आता डॉक्टरीणबाई म्हणत्यात, पुन्यांदा असं केलंस तर मंग कवाच न्हाई. म्हणून ह्या बारीला ठेवलंय. घाला तारीख."

हर्षदाच्या मनात पहिल्यांदा उसळला तो मत्सरच. हिच्या पदरात पडलं होतं आणि हिने टाकून दिलं! पण रुपाली समोरच उभी होती, दोन्ही हातांनी ओढणी धरून, आणि मधे टेबलावर तो कागद होता. ते मूल रुपालीने टाकलं नव्हतं. ते या कागदाने नेलं होतं. ज्याच्यासाठी आपण आठ वर्षं झुरतो आहोत, ते एका घरी आलं होतं आणि आपल्या कपाटाच्या धाकाने परत गेलं होतं.

तिने रुपालीला कामावर जायला सांगितलं. संध्याकाळी घरी तिने ट्रंकेतून कामगार कायद्याचं जुनं पुस्तक काढलं. पदविकेच्या वेळी तिनेच त्यात खुणा केल्या होत्या. सत्यजीतने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा आपण काय केलं तेही तिने लपवलं नाही. मग त्याने एवढंच म्हटलं की नोकरी गेली तरी घर चालेल.

सकाळी ती इनामदारसाहेबांसमोर गेली आणि तारीख भरणार नाही म्हणाली. साहेब आधी हसले. बातमी तुम्हीच आणलीत, याची त्यांनी आठवण करून दिली.

"हो, मीच आणली. मत्सरापोटी आणली," हर्षदा म्हणाली. "तो माझा गुन्हा. पण हे राजीनामे बेकायदेशीर आहेत, सर. हेड ऑफिसला मी तसं लिहून पाठवलंय. उद्या एखादी बाई कोर्टात गेली, तर ते कसे घेतले हे सांगायला पहिली साक्षीदार मी असेन."

"तुमचं काम मॅनेजमेंटचा निर्णय राबवणं आहे."

"चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे हे सांगणंही माझंच काम आहे. तीन वर्षं ते केलं नाही."

साहेबांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती थेट आपल्या कपाटाकडे गेली. चहाच्या सुट्टीत पॅकिंग विभागात जाऊन तिने नाव घेत घेत एकेकीचा कागद तिच्या हातात दिला. बायका बावरल्या होत्या. भागुबाई नावाच्या वयस्क कामगारणीने मग सगळ्यांच्या वतीने विचारलं की रुपालीचं वर कुणी सांगितलं. हर्षदाला गप्प बसता आलं असतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

भागुबाईने आपला कागद फाडला आणि पाठ फिरवली.

पुढे महिनाभर चौकशी चालली. हेड ऑफिसला न्याय किती कळला ते सांगता येत नाही, कोर्टाची भीती मात्र कळली. ती पद्धत बंद झाली. हर्षदाची त्या वर्षाची बढती गेली. साहेब तिला बैठकांना बोलावेनासे झाले आणि पॅकिंगच्या बायका तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. तिने तक्रार केली नाही.

सातवा सरता सरता रुपाली रजेचा अर्ज घेऊन आली. तिच्या पोटाकडे पाहताना हर्षदाच्या आत अजूनही काहीतरी चरकलं. ते जाणार नव्हतं. तिने अर्जावर सही केली, शिक्का मारला आणि माफी मागण्यासाठी मान वर केली.

"माफी नगं मॅडम," रुपाली म्हणाली. "माझं पयलं लेकरू माफीनं परत येतंय व्हय? शेजारच्या कंपनीत माझी नणंद सविता लागलीय. तिच्याकडनं बी असाच कागुद घेतलाय. तिथल्या मॅडमला जाऊन सांगा. सविताला दिस जायच्या आदी सांगा."

रुपाली गेल्यावर हर्षदाने कायद्याचं पुस्तक पिशवीत घातलं आणि भर दुपारी, वसाहतीच्या रस्त्याने, ती शेजारच्या कंपनीच्या फाटकाकडे चालू लागली. तिथे कुणाच्या कपाटात किती कागद आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या कपाटात ते आहेत, त्यांना मात्र ठाऊक होतं.