ड्वेनला दिलेला 'ए'

एकतीस वर्षं मी या काउंटीतल्या पोरांना निबंध लिहायला शिकवलं आणि एकालाही 'ए' दिला नाही. पालक भांडायला यायचे. येऊ देत! माझ्याकडून 'बी प्लस' मिळालेली माणसं आज पन्नाशीला आलीत, तरी तो कागद जपून ठेवतात. निवृत्त झाले तर आमच्या साप्ताहिकाच्या संपादकानं, आर्लोनं, नवंच काम गळ्यात घातलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीआधी उमेदवारांचा वादविवाद होतो, तो ऐकायचा आणि गुरुवारच्या अंकात प्रत्येकाला शाळेसारखी श्रेणी द्यायची. लोक ते कापून दुकानांच्या दारांवर चिकटवतात. शेरीफच्या, म्हणजे काउंटीचे पोलीस आणि तुरुंग सांभाळणाऱ्याच्या, जागेला आमच्याकडे दुसरा पक्ष माणूसच उभा करत नाही, त्यामुळे जो प्राथमिक जिंकला तो शेरीफ झालाच.

यंदा शनिवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये दोघंच उभे होते. बारा वर्षं शेरीफ असलेला ड्वेन स्ट्राउड, आणि त्याच्याच हाताखालची डेप्युटीची नोकरी सोडून आलेली टेस हॅलव्होर्सन. दोघंही माझे विद्यार्थी. आणि माझा धाकटा भाऊ वेंडल त्याच ड्वेनच्या तुरुंगात. दारू पिऊन ट्रक चालवला, नव्वद दिवसांची शिक्षा लागली. गाढव कुठला! पण त्याला लहानपणापासून मधुमेह आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला इन्सुलिन लागतं, आणि तिथे औषध कैद्याच्या हातात ठेवत नाहीत.

टेसनं आडपडदा न ठेवता विचारलं, "गेल्या महिन्यात तुमच्या कोठडीत बेन ओल्सेक मेला. त्याची औषधं कुठे होती?"

"प्रत्येक गोळी वेळेवर दिली होती," ड्वेन म्हणाला. मग म्हणाला, तशी नोंद आहे. मग म्हणाला, चौकशी चालू असल्यानं नोंद दाखवता येत नाही. तोवर त्याचा रुमाल दोनदा कपाळावरून फिरला होता.

तो खोटं बोलत होता, हे मला माहीत होतं. भेटीच्या वेळी वेंडलनं ध्वनिमुद्रण होणारा फोन बाजूला ठेवून, मधल्या काचेला तोंड लावून मला सांगितलं होतं, की शेजारचा बेन दोन दिवस औषध मागत होता आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाला.

कार्यक्रम संपल्यावर ड्वेन माझ्या खुर्चीपाशी आला. "बाई, वेंडलची काळजी करू नका हं. त्याचं इन्सुलिन माझ्या ऑफिसातल्या फ्रिजमध्येच आहे. मी जातीनं लक्ष घालतो." आणि हसला.

घरी येऊन मी आधी 'एफ' लिहिला. मग तो फ्रिज डोळ्यांसमोर आला. मी कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: ड्वेन स्ट्राउड, 'ए'. टेस हॅलव्होर्सन, 'सी'.

कागद मिळताच आर्लोचा फोन. "बाई, हे काय? 'ए'? लिहिताना चुकलात की काय?"

"छाप म्हटलं ना!" म्हणून मी फोन आपटला.

गुरुवारी किराणा दुकानात गेले तर दारावर माझा 'ए' चिकटवलेला. मटण कापणाऱ्या बाईनं पुडकं देताना माझा हात क्षणभर धरून ठेवला. बाहेर गाडीपाशी टेस उभी. मला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच. पण ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, वेंडलला काय करतायत ते?"

मी गाडीचं दार धरलं. या काउंटीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की मी 'ए' देत नाही. 'बी मायनस' दिला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात जन्म गेला आणि स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा घाबरून असं काही लिहिलं, की माझी भीती गावभर दारोदारी चिकटली. टेसला मी सगळं सांगितलं. बेनचंही.

दुपारी ड्वेनचा फोन आला. "बाई, 'सी' दिला असतात तरी मी काही म्हटलं नसतं. आता जो भेटतो तो मला विचारतो, वेंडल बरा आहे ना? थट्टा मांडलीत माझी?"

"नाही रे ड्वेन, तसं नाही..."

"रविवारची भेट रद्द," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

टेसला आणि आर्लोला सांगून साडेचारला मी तुरुंगाच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतल्या डेप्युटीला विचारलं, "पाचचं इन्सुलिन?" तो म्हणाला, "बघतो." पाच वाजले. पाच वीस झाले. तो माझ्याकडे बघेना.

साडेपाचला ड्वेन बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसला. "काय हवंय, बाई?"

"वेंडलचं इन्सुलिन."

"मिळेल की. पुढच्या गुरुवारी, मतदानाच्या तोंडावर, काय छापून येणार ते सांगा आधी."

खोटं बोलले असते. अगदी नक्की बोलले असते. पण एकदा खोटं लिहून काय झालं ते बघत होते ना मी! "'एफ'," मी म्हणाले. "बेन ओल्सेकच्या नावासकट. मी इथे बसलेय हे टेसला ठाऊक आहे, आर्लोला ठाऊक आहे. वेंडलला काही झालं तर तेही छापून येईल."

ड्वेन खिडकीकडे मान वळवून म्हणाला, "त्याला आणा. इथेच द्या, बाईंच्या समोर."

वेंडलला आणलं. ओठ सुकलेले, पाय ओढत चालत होता. डेप्युटीनं त्याचा सदरा वर करून पोटात सुई टोचली. एवढ्या वेळात वेंडलनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो ड्वेनकडेच बघत होता. त्याला आत नेलं.

"बघितलंत? मिळालं ना?" ड्वेन उठला, पट्टा सारखा केला. "अजून एक्कावन्न दिवस आहेत, बाई."

"सकाळी सातला येते," मी म्हणाले.